चॉकलेट दिलं तरच पेटी वाजवतो म्हणणाऱ्या लेकरांचं काय करायचं?

पत्र: ताई नमस्कार, मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. लग्नाआधी अमरावतीला पियानो-कीबोर्ड शिकले होते, आता घरच्या ओसरीत ६ ते १० वर्षांच्या ११ लेकरांना शिकवते. दोन कीबोर्ड आहेत आणि सासऱ्यांची जुनी पेटी. पहिला महिना पोरं उड्या मारत आली, मग कंटाळली, म्हणून मी दर धड्याला एक चॉकलेट, घरी सराव केला तर वहीत एक स्टार आणि १० स्टार झाले की पेन असं सुरू केलं. दोन महिने मस्त चाललं. आता एक ८ वर्षांचा मुलगा आल्या आल्या विचारतो, "मॅडम आज काय देता?" काही जण आईची खोटी सही करून स्टार घेतात, आणि एक ७ वर्षांची मुलगी चुकली की रडते, कारण स्टार जाईल म्हणून. बक्षीस बंद करू की मोठं करू? मोबाईलवर बघितलं तर बाहेरचे शिक्षक जंगल, अंतराळ, समुद्री चाचे अशा थीम घेऊन शिकवतात, इथे मी ते कसं करू? आणि चॉकलेटची दोन पाकिटं अजून घरात पडली आहेत.

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पहिल्यांदा हेच सांगते की तुमचं काही चुकलं म्हणून पोरं अशी झाली असं मनात आणू नका, मी स्वतः वर्धा जिल्ह्यात वीस-बावीस वर्षं लेकरांना पेटी आणि कॅसिओ शिकवला (आपल्याकडे कुठल्याही कंपनीचा असो, कॅसिओच म्हणतात) आणि पहिली तीन-चार वर्षं मी पण गोळ्यांची बरणी जवळ घेऊनच बसत होते. बरणी संपली की पोरं पण संपायची.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की बक्षीस मोठं तर अजिबात करू नका, आणि एकदम बंद पण करू नका, त्याची जागा बदला. आत्ता तुमच्याकडे चॉकलेट ही वाजवण्याची मजुरी झाली आहे, आणि मजुरी म्हटली की माणूस काम कमीत कमी करून पैसे जास्तीत जास्त कसे मिळतील तेच बघणार, लेकरू तरी काय वेगळं करणार. खोटी सही तिथूनच आली, ते पोरगं लबाड नाही, त्याला तुम्ही स्टार कमवायला सांगितला आणि त्याने कमवला.

याच्यावर एक जुना प्रयोग आहे, १९७३ सालचा, अमेरिकेतला, मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या लेकरांवर केलेला. ज्या लेकरांना स्केचपेनने चित्र काढायला मुळातच आवडायचं तीच निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल, काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच प्रमाणपत्र दिलं, आणि काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी वर्गात ते पेन नुसते ठेवून दिले आणि कोण आपणहून घेतं ते बघितलं. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं त्या लेकरांनी बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढलं. आणि ज्यांना अचानक मिळालं होतं त्यांची आवड काही कमी झाली नाही. म्हणजे बघा, खाऊ वाईट नाही, "हे केलं तर ते देईन" हा सौदा लेकराच्या मनातली गोडी खातो. मला हे वाचायला मिळालं तेव्हा माझी बरणी आठवली आणि खरं सांगते, रडू आलं.

आता थीमचं. समुद्री चाचे आपल्या लेकरांनी कुठे बघितले, त्यांनी समुद्रच बघितला नाही बहुतेक. आणि नुसतं कार्डबोर्डचं जहाज करून भिंतीवर लावलं आणि खाली तोच कंटाळवाणा सा रे ग म वाजवायला लावला तर त्याला थीम म्हणत नाहीत, ती सजावट झाली, दोन दिवसांत जुनी होते. थीम आवाजात उतरली पाहिजे. रॉबर्ट शूमान नावाच्या जर्मन संगीतकाराने १८४८ साली आपल्या मोठ्या मुलीच्या सातव्या वाढदिवसासाठी छोटे छोटे तुकडे लिहायला घेतले, पुढे त्याचं ४३ तुकड्यांचं पुस्तक झालं आणि आजही जगभर लेकरं ते पियानोवर शिकतात. त्यातला सगळ्यात गाजलेला तुकडा आहे कामावरून घरी परतणाऱ्या आनंदी शेतकऱ्याचा. आणि त्याने काय केलं, चाल उजव्या हाताला न देता डाव्या हाताला दिली, खालच्या भारी सुरांत, म्हणजे ऐकतानाच वाटतं की कोणी धिप्पाड माणूस खड्या आवाजात गात वावरातून येतोय. वर चित्र नसलं तरी शेतकरी दिसतो. अशी थीम पाहिजे, आणि वावरातून परत येणारा माणूस तर आपल्या लेकरांच्या घरात रोज संध्याकाळी येतो नं!

तर माझ्या ओसरीत काय चालतं ते सांगते, त्यातलं तुम्हाला जमेल ते घ्या.

पट्ट्या ओळखायला मी बैलजोडी आणि तिफण वापरते. कीबोर्ड बघा, काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा येतात. दोन काळ्या म्हणजे बैलजोडी, तीन काळ्या म्हणजे तिफणीचे तीन फण. बैलजोडीच्या डाव्या हाताला जी पांढरी पट्टी आहे तिथे धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा, बसला, ती पांढरी एक. तिफणीच्या डाव्या हाताला पेरणारी बाई उभी, ती पांढरी चार. एवढंच सांगायचं आणि म्हणायचं चला सगळे धुरकरी शोधा, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर लेकरू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धुरकरी दाबत जातं आणि शेवटच्या पट्टीवर अडकतं, की मॅडम इथे धुरकरी आहे पण बैलच नाही! (कीबोर्ड तिथेच संपतो म्हणून.) एका पोराने मला सांगितलं, "त्याचे बैल पोळ्याला गेले." ते पोरगं पांढरी एक जन्मात विसरणार नाही. मोठा पियानो ८८ पट्ट्यांचा असतो पण तिथेही हेच दोन-तीन, दोन-तीन, त्यामुळे उद्या नागपुरात कुठे खरा पियानो दिसला तरी लेकरू बावरणार नाही.

दुसरं, काळ्या पट्ट्यांचा पाऊस. हे ज्या लेकराला चुकायची भीती वाटते त्याच्यासाठी, म्हणजे तुमच्या त्या रडणाऱ्या मुलीसाठी मी पहिल्यांदा हेच करेन. नुसत्या पाच काळ्या पट्ट्यांवर वाजवायचं, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला (तिफणीचा डावीकडून पहिला फण) सा धरला तर त्या पाच पट्ट्या म्हणजे भूप रागाचे सूर होतात, सा रे ग प ध, आणि काळी एकला (बैलजोडीतला डावीकडचा बैल) सा धरला तर त्याच पाच पट्ट्यांचा दुर्गा राग होतो. त्यामुळे काहीही दाबलं तरी कानाला वाईट लागत नाही, तिथे चूक नावाची गोष्टच नाही. तुम्ही पेटीवर काळी तीन आणि वरची काळी एक धरून भाता हलवत राहा, म्हणजे सा आणि प, आणि तिला म्हणा मृगाचा पाऊस आण. आधी ढग, ते खालच्या पट्ट्यांवर. मग एक थेंब. मग खूप वेळ काहीच नाही, सगळे वर बघतायत. मग दुसरा थेंब. मग धो धो. मग पत्र्यावरून पागोळी गळते ती.

माझ्याकडे एक अशीच लहानगी होती, चुकलं की हात मांडीखाली लपवायची. तिला पाऊस आणायला सांगितला तर तिने एक पट्टी दाबली आणि थांबली, थांबली ते थांबलीच, मी भाता हलवतेय, बाकीची पोरं चुळबुळ करतायत, मला वाटलं घाबरली. मी विचारलं काय झालं बाई, तर म्हणते, "थांबा नं मॅडम, पेरणी झाली आणि पाऊस गेला." तिच्या घरी त्या वर्षी दुबार पेरणी झाली होती. मग तिने हळूच दोन बोटांनी पाऊस सुरू केला आणि चार-पाच मिनिटं वाजवत राहिली, एवढा वेळ ती त्याआधी कधीच बसली नव्हती. तिला त्या दिवशी मी काहीच दिलं नाही, आणि तिने मागितलं पण नाही.

लय शिकवताना पोळा आणि शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तीच चार सुरांची चाल आधी पोळ्याच्या मिरवणुकीसारखी, झूल घातलेला बैल डुलत डुलत चालतो तशी, आणि मग शंकरपटात जोडी सुटते तशी. पोरांना एकदम शंकरपटच पाहिजे असतो, आणि इथेच तुम्हाला कंटाळा न आणता घोटून घ्यायची संधी आहे, कारण नियम असा की मिरवणुकीत ज्या जोडीचा पाय अडखळला नाही तीच पटावर सुटणार. तान्हा पोळ्याच्या आठवड्यात मी लेकरांना लाकडी नंदी घेऊन यायला सांगते, एक जण वाजवतो आणि बाकीचे त्याच्या लयीत नंदी चालवतात, वाजवणारा घाई करायला लागला की नंदीवाले ओरडतात, मला बोलायची गरजच पडत नाही. मेट्रोनोम (टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र) कोणी मागत नाही मग.

बोटांच्या बाबतीत पण असंच, तळहातात एक लिंबू आहे असं समजून पंजा गोल ठेवायचा, तोडून वाजवायचं तर कढईतल्या फुटाण्यासारखं आणि जोडून वाजवायचं तर तेलाची धार. पेटीवर डावा हात भात्याला असतो तर भाता कसा, पाळण्यात झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखा. एकदा शब्द बसला की धड्यात नुसतं "फुटाणे!" म्हटलं तरी पुरतं.

एकच ओळ पाच वेळा वाजवून घ्यायची असेल तर चिंचोके. पाच चिंचोके कीबोर्डच्या डाव्या बाजूला ठेवायचे, एकदा नीट वाजलं की एक उजवीकडे सरकवायचा, सरकवणारं बोट लेकराचंच पाहिजे. काही शिक्षक चुकलं की सगळे चिंचोके परत डावीकडे आणतात, मोठ्या पोरांना त्यात मजा येते पण ६-७ वर्षांच्याला असं करू नका, चौथ्या चिंचोक्यावर चुकलं की त्याचा जीव जातो. चुकलं तर तो चिंचोका तिथेच राहील, बस. आणि तीन वेळा एकाच ठिकाणी चुकलं तर दोष तुकड्याचा आहे, तुकडा लांब झाला, अर्धा करा.

घरी वाजवायला काही नाही हा तर आपल्याकडचा मोठाच प्रश्न, अकरापैकी किती जणांकडे कीबोर्ड असेल, एक नाहीतर दोन. त्याला पुठ्ठ्याची पट्टी करून द्या. सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी साधारण १६.५ सेंटीमीटर असते, म्हणजे ३३ सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यावर दोन सप्तकं बसतात, काळ्या पट्ट्या जाड पुठ्ठ्याच्या चिकटवा म्हणजे बोटाला उंची कळते. पोरांनीच करायच्या, मागे आपलं नाव लिहायचं. त्याच्यावर बोट चालवायचं आणि तोंडाने सूर म्हणायचे. याने उलट कान तयार होतो कारण आवाज स्वतःलाच काढावा लागतो. रोज १० मिनिटं, आई भाकरी टाकत असताना चुलीजवळ बसून. लाईट गेली तरी चालतं, आणि क्लासच्या वेळी लाईट गेली तर साध्या बऱ्याच कीबोर्डात सेल टाकायची सोय असते, तुमच्या दोन्हीत बघून ठेवा.

आता बक्षीस. मी म्हटलं जागा बदला, तर कुठे न्यायची? बक्षीस संगीतातलंच पाहिजे. चांगली तयारी झाली की पुढची चाल तू निवड, हे लेकराला केवढं मोठं वाटतं ते करून बघा. तुमच्या खुर्चीवर बसून धाकट्याला बैलजोडी शिकवायची, हे आणखी मोठं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गावाने ऐकणं. जिल्हा परिषद शाळेत रोज परिपाठ होतो, मुख्याध्यापकांना जाऊन भेटा आणि प्रार्थनेला पेटी आमचं लेकरू धरेल म्हणून विचारा, दर सोमवारी एक जण. आपल्या भागात गावोगाव तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, भजनी मंडळ आहे, हरिपाठ आहे, तिथल्या पेटीवाल्या काकांना सांगा की एका भजनाला याला शेजारी बसवा, नुसता सा धरून बसला तरी चालेल. ज्या पोराने मोठ्या माणसांच्या मांडीला मांडी लावून खंजिरीच्या तालात सा धरला त्याला घरी सराव कर म्हणून सांगावं लागत नाही, तो झोपेत पण बोटं हलवतो, माझं बघितलेलं आहे.

स्टारच्या वह्या बंद करा मात्र. त्या वहीमुळे लेकरू एकमेकांकडे बघतं, पेटीकडे नाही. त्याऐवजी सगळ्या अकरा जणांची मिळून एक पऱ्हाटी करा, मोठ्या पुठ्ठ्यावर काढलेली, आणि कोणाचीही एक चाल पूर्ण झाली की तिच्यावर खऱ्या कापसाचं एक बोंड चिकटवायचं. कोणाचं कुठलं ते लिहायचं नाही. वीस बोंडं झाली की वेचणी, म्हणजे ओसरीत छोटा कार्यक्रम, मायबाप, आजी, शेजारपाजारचे, प्रत्येकाने एक चाल, अर्ध्या तासात संपवायचं. वेचणीच्या मुहूर्ताला वावरात सीतादही करतात तसं त्या दिवशी दहीभात करा सगळ्यांना. गरिबाघरचं लेकरू, हळू शिकणारं लेकरू, सगळ्यांचं बोंड एकाच झाडाला लागतं, आणि हुशार पोरगं स्वतःहून मागच्याला शिकवायला लागतं कारण झाड लवकर भरायचं असतं.

तो आठ वर्षांचा "आज काय देता" वाला, त्याच्याशी खोटं बोलू नका आणि त्याला रागावू पण नका. खाली बसून सांगा की इतके दिवस मी चॉकलेट देत होते, या आठवड्यापासून वाजवण्याबद्दल चॉकलेट मिळणार नाही, आणि त्याचं कारण तुझी चूक नाही, मला आता वेगळं करून बघायचं आहे. दोन-तीन धडे तो तोंड फुगवेल. कदाचित येणार पण नाही. त्याला पहिल्या दिवशी शंकरपटाचा पंच करा, कोणाची जोडी अडखळली ते त्याने सांगायचं, त्याला कान द्यावाच लागेल. आणि महिन्या-दोन महिन्यांनंतरही त्याचं मन पेटीत लागलंच नाही तर त्याच्या हातात खंजिरी नाहीतर ढोलकी देऊन बघा, काही लेकरांचे हात सुरापेक्षा तालाचे असतात, जबरदस्तीने पट्टीवर बसवलं तर दोन्ही जातं.

आईंना एक निरोप द्या. पाहुणे आले की "वाजवून दाखव बेटा" म्हणू नका, आणि "किती स्टार मिळाले" पण विचारू नका, संध्याकाळी पुठ्ठा समोर घेऊन म्हणा, "आज काय शिकलास, मला शिकव." ज्या माउलीने कधी पेटीला हात लावला नाही तिला धुरकरी कुठे बसतो ते लेकरू शिकवतं तेव्हा त्याचा अख्खा धडा उजळून निघतो, आणि खोट्या सहीचं कामच उरत नाही.

परीक्षांचं तुम्ही विचारलं नाही पण कोणी ना कोणी पालक विचारेलच. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक असते पेटीची, ती चांगलीच आहे, पण पहिलं वर्षभर नको.

आणि ती चॉकलेटची दोन पाकिटं. भुलाबाईची खिरापत आठवते नं, डबा हलवायचा आणि आत काय आहे ते सगळ्या पोरींनी आवाजावरून ओळखायचं, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपण लहानपणी रोज संध्याकाळी तेच करत होतो. एक पत्र्याचा डबा घ्या, कधी त्यात चिंचोके, कधी फुटाणे, कधी शेंगदाणे, कधी ते चॉकलेट. कधी काढायचा ते ठरवायचं नाही, महिन्यातून दोनदा निघेल, कधी एकदाच, चांगलं वाजवलं म्हणून नाही आणि वाईट वाजवलं म्हणून थांबवायचा पण नाही. आधी तुम्ही पडद्याआड एक सूर वाजवायचा आणि तो कोणता ते सगळ्यांनी मिळून ओळखायचं, मग डबा हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं, मग अकरा जणांनी वाटून खायचं. दोन पाकिटं कोजागिरीपर्यंत आरामात पुरतील.